मुंगी शिरणार नाही असा डबा

चामराजपेट, बंगळूर
२ फेब्रुवारी १९९९

ती. विठोजीकाका यांस अजितचा नमस्कार.

सुशांतचं सामान काल बेळगावच्या बसमध्ये चढवलं. दोन बॅगा आहेत आणि एक वळकटी. ड्रायव्हरला शालनअक्कांचं नाव दिलं आहे. चष्मा लहान बॅगेत आहे, रुमालात बांधलेला.

एक खोकं मी मुद्दाम ठेवून घेतलं. सुशांत कॉम्प्युटर जुळवत होता, गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायला. तुम्हाला बोलला असेल. तयार कॉम्प्युटर त्याला नको होता. एकेक भाग एस. पी. रोडवर निवडून स्वतः जोडायचा होता, आणि तो एवढा लहान हवा होता की बसमध्ये मांडीवर घेऊन घरी येता येईल. ऑफिसात आम्ही त्याला हसायचो. इतक्या महिन्यांत त्याने फक्त मदरबोर्ड घेतला, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात ती पाटी. खोक्यात तीच आहे. दुकानदार रोशन परत घ्यायला तयार आहे.

काय करू ते कळवा. घाई नाही. मी याच खोलीत आहे.

आपला
अजित

*

बेळगाव
११ फेब्रुवारी १९९९

चि. अजित यास आशीर्वाद.

सामान मिळालं. शालनने बॅगा उघडल्या. मी उघडल्या नाहीत.

पाटी परत करू नकोस. दिवाळीत तुमच्याकडे आलो होतो तेव्हा सुशांतने मला मापं दिली. फूटभर लांब, फूटभर खोल, वीतभर उंच, वर धरायला कडी. म्हणाला, बाबा, बाजारातले डबे कपाटाएवढे असतात, तुम्हीच एक करून द्या. मी म्हटलं, आजवर गव्हाचे डबे केले, आता अकलेचा करतो. हसला. पत्रा तेव्हाच आणून ठेवलाय. डबा मी पुरा करणार. आत काय घालायचं ते तू बघ. खर्च माझा.

मला तो खेळ बघायचा आहे. रोज संध्याकाळी त्याच्या डोक्यात काय चालायचं ते बघायचं आहे.

एक गोष्ट मनातून जात नाही. पोलीस म्हणाले, गिझरचा गॅस. म्हणजे कुठलातरी सांधा गळत होता. ज्याने तो जोडला त्याने हात चालवला, डोकं चालवलं नाही. मी तिथे होतो रे. पारवे न्हाणीत घाण करतात, गार वारा येतो म्हणून वरच्या खिडकीला पत्रा बसवून दिला. कडेने लांबी भरली. दोरा आत जाणार नाही असं काम केलं. आणि समोरच्या भिंतीवर तो गिझर होता, त्याच्याकडे मान वळवून बघितलं नाही. बघितलं असतं तर गळती माझ्या हाताला लागली असती. जन्मभर मी गळत्याच बुजवल्या.

विठोजी कंग्राळकर

*

चामराजपेट
१९ फेब्रुवारी १९९९

शालनअक्का,

हे पत्र तुमच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतो आहे. काकांच्या हाती पडू देऊ नका.

गिझर गळत नव्हता. तुम्ही सगळे सुशांतला घेऊन गेलात, त्यानंतर गॅस एजन्सीचा माणूस आला. त्याने साबणाचं पाणी लावून प्रत्येक सांधा तपासला. बुडबुडा आला नाही. मग त्याने वर बघितलं आणि खिडकीवरच्या पत्र्याला बोट लावून विचारलं, हे कोणी केलं?

त्याने सांगितलं ते असं. गिझरच्या आत जाळ असतो. जाळाला हवा लागते. बंद जागेत हवा संपत आली की जाळ विष सोडतो. त्याला वास नसतो. माणसाला गुंगी येते, तो बसतो आणि उठत नाही. दिवाळीनंतर आम्ही बादली भरली की गिझर बंद करून टाकायचो, म्हणून निभावलं. त्या रविवारी थंडी होती. सुशांतने दार लावून कपडे धुतले, डोक्यावरून आंघोळ केली, गिझर चालूच ठेवला. मी ऑफिसात होतो. दाराखालून पाणी आलं तेव्हा घरमालकीण शिवलीलम्मांनी दार ठोठावलं.

मी त्या माणसाला म्हटलं, घरातल्याच माणसाने केलंय. तो म्हणाला, काम चांगलं केलंय.

हे शिवलीलम्मांना माहीत आहे, मला माहीत आहे. आता तुम्हाला. काका गिझर जोडणाऱ्याला दोष देतात. तो आमच्याच गल्लीत राहतो, जाता येता दिसतो. काकांना सांगू का? तुम्ही म्हणाल तसं करीन.

अजित

*

बेळगाव
२७ फेब्रुवारी १९९९

अजित,

सांगू नकोस.

बाबांनी दुकानाची फळी उघडली नव्हती. तुझं खोक्याचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडली. आता जेवायला बसतात आणि डब्याबद्दल बोलतात. काल म्हणाले, शालन, कॉम्प्युटरवर पाऊस पडला तर? मी म्हटलं, बाबा, तो घरात असतो. म्हणाले, आणि बस गळकी असली तर? मी हसले, तेही हसले. आई गेल्यापासून या घरात असं दोघांनी मिळून हसणं फार झालेलं नाही.

गिझरवाल्याला शिव्या देतात. देऊ देत. त्याला इथून ऐकू जात नाही. बाबांना स्वतःचे हात दिवसभर दिसतात.

एवढं मात्र सांभाळ. त्यांना लिहिताना हवेचं नाव काढू नकोस. खिडकी, वारा, धूर, काही नको. कामातला माणूस आहे. एक शब्द मिळाला तर बाकीचं ते स्वतः जोडतील.

शालन

*

चामराजपेट
८ मार्च १९९९

ती. विठोजीकाका,

आत काय घालायचं ते ठरवलं. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. सेलेरॉन तीनशे घेतो, तो त्याच्या ठरलेल्या वेगानेच चालवू. मेमरी चौसष्ट. पडद्यावर चित्रं उमटवायला एक कार्ड लागतं. सुशांतला वूडू नावाचं हवं होतं. त्याच्या जुन्या प्रकाराला जोडीला आणखी एक कार्ड लागतं, आणि लहान डब्यात दोन मावत नाहीत. नवा प्रकार एकटा काम करतो. पण मी त्यापेक्षा साधं कार्ड घेतो आहे. गाड्या दिसतील, जरा चौकोनी दिसतील एवढंच. सीडीचा ड्राइव्ह घेत नाही, जागा खातो. रोशनकडचा उसना लावून खेळ इथेच भरून देतो. मॉनिटर शालनअक्कांनी तिकडेच घ्यावा.

रोशनला माझी निवड आवडली नाही. म्हणाला, "क्या सर, बॉडी रेसिंग का और इंजिन मोपेड का? सुशांत होता तो गाली देता।" मी म्हटलं, आम्हाला टिकाऊ हवंय. त्याने खांदे उडवले.

डबा झाला की पाठवा. सगळं इथे जोडून परत पाठवतो.

अजित

*

बेळगाव
१७ मार्च १९९९

चि. अजित यास आशीर्वाद.

तुझं पत्र शालनकडून वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं. मला पटलं नाही.

सुशांत साडेचारशे म्हणाला होता. तू तीनशे लिहितोस. दिवाळीत भाकरी हातात तशीच धरून त्याने मला समजावलं होतं. बाबा, तीनशेचा घ्यायचा आणि साडेचारशेवर पळवायचा, एक स्क्रूसुद्धा न बदलता. मी म्हटलं, मग मरत नाही का तो? म्हणाला, गार ठेवला तर मरत नाही. मी म्हटलं, मग माठाशेजारी ठेवू. तू पण होतास की तिथे, तू पण हसलास.

मग आता साधं कार्ड कशाला? टिकाऊ कशाला? त्याला जे हवं होतं तेच घाल. वूडू का काय ते नवं घाल. साडेचारशेवर पळव. तो गेला म्हणून त्याला मोपेड देऊ नकोस.

डबा शनिवारच्या बसने निघेल. चारी कोपरे दुमडून वरून कथलाचा डाग दिलाय. मागची बाजू स्क्रूंवर आहे, खोलता येते, तिच्या कडेला आतून रबराची पट्टी आहे. वायरी बाहेर काढायला तिच्यात एक खाच ठेवलीय, तिलाही रबर. झाकण बसवून मी डब्यात दिवा लावला आणि अंधारात बघितलं. कुठून उजेड आला नाही. मुंगी शिरणार नाही. असा डबा मी कोणत्या वाण्यालाही करून दिला नव्हता.

विठोजी कंग्राळकर

*

चामराजपेट
६ एप्रिल १९९९

ती. विठोजीकाका,

डबा मिळाला. एस. पी. रोडवर घेऊन गेलो तेव्हा रोशन म्हणाला, "टिफिन लाया क्या?" मग त्याने कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. शेजारच्या दुकानातल्या लोकांना बोलावून दाखवला.

तुमच्या मनासारखं केलं. वूडूचं नवं कार्ड घातलं. प्रोसेसर साडेचारशेवर चालतो. सुशांतची निवड बरोबर होती, सगळं एकमेकांत असं बसलं की बोट घालायला जागा उरली नाही.

मागच्या बाजूला आणि बुडाला रोशनने काही भोकं पाडली आहेत. वायरींसाठी लागतात. ती तशीच राहू द्या.

मी एक शर्यत खेळून बघितली. हरलो. सुशांत असता तर पहिल्या वळणावरच हसला असता.

आमच्या ऑफिसातले सूर्यकांत निपाणीला चालले आहेत, ते वाटेत तुमच्याकडे उतरून डबा देतील. बसमध्ये मांडीवरच ठेवा असं मी त्यांना सांगितलं आहे.

इकडे खोलीत नवा जोडीदार आला, नागपूरचा आहे. शिवलीलम्मा नवा गिझर बसवून घेत आहेत.

अजित

*

बेळगाव
१९ एप्रिल १९९९

चि. अजित यास आशीर्वाद.

सूर्यकांत भला माणूस. पाय आखडले तरी डबा खाली ठेवला नाही म्हणाला. त्याला जेवायला घातलं.

खेळ बघितला. शालनने चालवायला शिकवलं. माझी गाडी सारखी कठड्यावर जाते. शालन म्हणते, बाबा, वळण आलं की आधी हळू करायचं. मी म्हटलं, सुशांत करायचा का हळू? तिने गाडी पुन्हा रस्त्यावर आणून दिली. पडद्यावर डोंगर आहेत, समुद्र आहे, रस्त्यावर कोणी माणूस नाही. यात तो रमायचा. मलाही थोडं कळलं.

आता भोकांचं. तुझ्या रोशनने तुला बनवलं. मी मागची बाजू खोलून बघितली. सगळ्या वायरी माझ्या खाचेतून जातात. भोकांतून एकही वायर जात नाही. बुडाच्या भोकांतून तर जायला कुठली वायरच नाही. वर कडा घासलेल्या नाहीत, हाताला लागतात. ज्याला दुसऱ्याच्या कामाची कदर नाही तो असं करतो. मी सगळी बुजवली. आतून पत्र्याचे तुकडे लावून डाग दिला, वरून घासून घेतलं. आता बघशील तर भोक होतं कुठे ते सांगता येणार नाही तुला.

रोशनला सांग, भोक पाडायला अक्कल लागत नाही.

विठोजी कंग्राळकर

*

बेळगाव
२७ एप्रिल १९९९

अजित,

तू शाळेत फोन केलास तेव्हा मी वर्गावर होते. निरोप मिळाला, "भोकं उघडायला सांगा." तेव्हा उशीर झाला होता.

रविवारी सकाळी बाबा खेळायला बसले. थोड्या वेळाने पडदा गोठला. गाडी वळणावर तशीच थांबली. बाबांनी बटण बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा गोठला, आधीपेक्षा लवकर. तिसऱ्यांदा त्यांनी मागची बाजू खोलली आणि आत हात घातला. चटकन काढून घेतला. मी म्हटलं, भाजलं का? म्हणाले, नाही. हात तसाच बघत राहिले.

मग त्यांनी पाठ उघडी ठेवून लावला. चालला. पाठ बसवली. बंद पडला. उघडली. चालला. दुपारपर्यंत तेच चाललं होतं. खेळ खेळतच नव्हते, गाडी रस्त्यात उभी. नुसतं पाठ लावायचे, वाट बघायचे, काढायचे. मी म्हटलं, बाबा पुरे. म्हणाले, एकदाच.

मग मला विचारलं, "शालन, त्या गिझरमध्ये जाळ असतो?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. हे बाबांना माहीत आहे.

ते उठून दुकानात गेले. फळी लावून घेतली. मी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा "ओ" म्हणाले, म्हणून परत आले. जेवले नाहीत. आज सकाळी पोस्टकार्ड मागून घेतलं. तुला लिहितील असं वाटतं. काय लिहितात मी बघितलेलं नाही.

शालन

*

बेळगाव
२८ एप्रिल १९९९

अजित,

डाग द्यायची शेगडी मी कधी बंद जागेत पेटवली नाही. वडील पेटवू द्यायचे नाहीत. पावसाळ्यातसुद्धा दुकानाची फळी उघडी, आम्ही अर्धे भिजायचो. मी कारण विचारलं होतं. ते म्हणाले होते, शेगडी माणसाचा श्वास खाते.

गिझरमध्ये जाळ पत्र्याच्या आत असतो. मला दिसला नाही.

तू लिहिलंस, नवा जोडीदार आला, नवा गिझर बसतोय. खिडकीवरचा पत्रा आधी काढ. पत्र मिळाल्याबरोबर काढ. लांबी कडक झाली असेल, कानशीने कडा मोकळ्या कर, मग खालच्या बाजूने उचकट. वरून उचकटलास तर हात कापेल.

काढलास की कळव.

वि. कं.

*

चामराजपेट
४ मे १९९९

ती. विठोजीकाका,

पत्रा काढला आहे. जानेवारीतच काढला, तुम्ही सुशांतला घेऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. खालच्या बाजूने उचकटायचं हे मला माहीत नव्हतं. हात कापला होता. आता बरा आहे.

खिडकी उघडी आहे. नव्या जोडीदाराला मी सांगितलं आहे की ती कधीच बंद करायची नाही. त्याने कारण विचारलं. मी सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही.

डब्याच्या भोकांबद्दल मी तुम्हाला खोटं लिहिलं. रोशनचा दोष नाही. मीच त्याला पाडायला सांगितली होती.

पारवे पुन्हा यायला लागले आहेत. सकाळी न्हाणीत पिसं असतात, बादलीत घाण असते. मी बादली धुऊन घेतो. त्यांना हाकलत नाही.

अजित